दंडावरचा हिरवा डाग

त्या दुष्काळात आमच्याकडची माणसं स्वतःच्या सावलीवरही संशय घ्यायची, की ही एवढी गार कशी? गावच्या सहकारी सोसायटीने चारा-छावणी काढली होती आणि माझे दोन बैल तिथेच तग धरून होते. अशात एका सकाळी तोंडाला गमजा बांधलेल्या कुणीतरी सोसायटीच्या टँकरचं पाणी चोरलं. ड्रायव्हरने त्याच्या दंडावर चाक खोलायची लोखंडी टॉमी हाणली, पण गडी निसटला.

दुसऱ्या दिवशी चेअरमननी छावणीतल्या बाप्यांना रांगेत उभं करून बाह्या वर करायला लावल्या. मी चौथा. माझ्या दंडावर भाकरीएवढा डाग निघाला आणि तपासणी तिथेच थांबली. सहा दिवसांपूर्वी बैलाचं शिंग लागलं होतं. पण बैल काही साक्ष देईना.

"घावला बे चोर! ह्याचे बैल काढा भायेर," चेअरमन गरजले.

बाहेर म्हणजे मरणच. दहा कोसांत गवताची काडी उरली नव्हती. होती ती चिमण्यांनी घरट्यात कुलूपबंद केलेली.

तेवढ्यात चौसाळ्याहून जनावरांचे डॉक्टर फटफटीवर आले. बैलाचा खूर तपासावा तसा त्यांनी माझा दंड उलटासुलटा केला. म्हणाले, "चेअरमनसाहेब, हा डाग हिरवा आहे. कालचा मार काळानिळा असतो."

"हिरवा कावून?"

"गोचीड तापात बैल लाल मुततो, बघितलंय ना? मार लागला की कातडीखालीही तसंच रक्त फुटतं, आणि त्यातला लाल रंग मोकळा सुटतो. हीम म्हणतात त्याला. मोकळा सुटला की विषच, मूत्रपिंडं खराब करतो. म्हणून अंगात एक एन्झाइम असतं, हीम ऑक्सिजनेज. ते हीमची कडी तोडतं, लोखंड सुटं करून शरीराला परत देतं. उरतो तो हिरवा रंग, त्याचा पुढे पिवळा होतो. ह्याला दिवस लागतात."

चेअरमनचे केस सहकारात पांढरे झालेले. त्यांनी डोळे बारीक केले. "म्हंजी कातडीखाली एक कामगार हाय, त्याच्या हातात लोखंड येतं, आन् त्यो कायच खात न्हाई?"

"नाही."

"मंग लई संशयाचं हाय."

शेवटी ठरलं: दोन दिवसांत डाग पिवळा झाला तर मी सुटलो. तोवर बैल फाटकाबाहेर, अर्ध्या चाऱ्यावर. दोन दिवस जत्रेतल्या दोन तोंडांच्या वासरासारखा माझा दंड बघायला माणसं आली. खरं सांगतो, माझाही त्या एन्झाइमवर भरवसा नव्हता. दुष्काळात फुकट राबणारा मी तोवर एकही पाहिला नव्हता.

तिसऱ्या सकाळी दंड पिवळाधम्मक!

"हळद चोळली बे ह्यानं!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

लोक पाण्याच्या नुसत्या आठवणीने तोंड धूत होते, त्या साली चेअरमननी माझ्या दंडावर अख्खा तांब्या ओतवला. वर काथ्याने घासलं. कातडी सोलायची तेवढी राहिली. खाली धरलेल्या घमेल्यात पाणी नितळ पडलं आणि पिवळा जागचा हलला नाही. ते पाणी माझ्या पांढऱ्या बैलाने एका घोटात संपवलं.

"बांध तुझे बैल आत," चेअरमन पुटपुटले आणि इतरांच्या बाह्यांकडे बघू लागले. "बाकीच्यांची तपासणी उद्या."

दुसऱ्या दिवशी जनावरं जिभा काढून धापत होती अशा उन्हात निम्मी छावणी पूर्ण बाहीचे सदरे घालून, मनगटाची बटणं लावून हजर. त्यात सोसायटीचे दोन संचालकही होते. मी बनियनवर, बैलांपुढे पेंढी सोडत उभा.