रोममध्ये अक्का चुकली नव्हती

आमच्या नात्यात कुठलंही लग्न असो, जेवणं आटोपली की रोमची गोष्ट निघते. माझी मोठी बहीण, आमची अक्का, तिथे कशी भरकटली आणि आम्ही तिला कसं शोधून काढलं, ही ती गोष्ट. बहुतेक वेळा मीच सांगितली आहे. ती खोटी आहे.

धुळ्याच्या आम्हा ज्येष्ठ मंडळींची ती सहल होती. रोमच्या जुन्या भागात दिवसभर पायी फिरायचं होतं. अक्काचा गुडघा दुखत होता. ती सारखी मागे पडायची आणि गाईडसकट सगळे तिच्यासाठी थांबायचे. गटातले एक निवृत्त मास्तर म्हणाले, "भाऊ, अक्का येईपर्यंत हे रोम अजून जुनं होईल." सगळे हसले. मीही हसलो, पण मला तिची लाज वाटली. पुढच्या वळणावर एका चर्चच्या पायऱ्यांवर मी तिला बसवलं. कारंजं पाहून याच रस्त्याने येतो, तोवर हलू नकोस, असं सांगितलं.

लहानपणी सोनगीरला जत्रेत आमचा हाच नियम असे. देवळाच्या पायरीवर बसायचं आणि घरचं माणूस येईपर्यंत उठायचं नाही. अक्काने पायातले बूट काढून बाजूला ठेवले आणि ती बसली.

कारंज्यापासून गाईडने दुसराच रस्ता धरला. मला तेव्हाच बोलता आलं असतं. पण पुन्हा आमच्यामुळे सगळे खोळंबणार, म्हणून गप्प राहिलो. बसमध्ये माणसं मोजली तेव्हा एक कमी भरलं. गाईडने मला विचारलं. मी म्हणालो, "माझ्या मागेच होती. कुठे वळली, कळलंच नाही."

जत्रेत देऊळ एकच होतं. इथे गल्लोगल्ली चर्च, आणि मी ते नीट पाहिलंही नव्हतं. ऊन उतरल्यावर ती सापडली, त्याच पायरीवर. मी सगळ्यांसमोर तिलाच रागावलो. तिने बूट घातले आणि ती चालू लागली.

घरी परतल्यावर ही गोष्ट ऐकून, आई आता विसरते, असं तिच्या मुलाने, म्हणजे माझ्या भाच्याने, धरून घेतलं. तोवर अक्का एसटीने एकटी साक्रीला लेकीकडे जायची, तिथला बाजार करून परतायची. ते बंद झालं. सोबत असेल तरच जायचं, आणि सोबतीला कुणालाच वेळ नसायचा. काही वर्षं मी हे पाहत राहिलो.

गेल्या महिन्यात तिची साक्रीची लेक आजारी पडली. अक्का पिशवी भरून दारात बसली होती आणि भाचा नाही म्हणत होता. तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं.

"मामा, मी तिला डॉक्टरकडे नेऊन गोळ्या चालू केल्या," तो एवढंच म्हणाला.

तू तेव्हाच का नाही सांगितलंस, असं मी अक्काला विचारलं.

"माले कोन्ही इचारं का?"

खरंच, जो तो मलाच विचारत होता.

भाच्याने तिला स्टँडवर सोडलं. मीही गेलो, पण तिने मला गाडीजवळ येऊ दिलं नाही. पूर्वी ती कुणाला न विचारता चढायची. त्या दिवशी तिने कंडक्टरला विचारलं, ही साक्रीचीच ना. चढून बसली, आणि खिडकीतून पुन्हा विचारलं.