उरलेल्या विषयाचा गट

मृणालिनी सबनीसांची गिरगावातली शाळा बंद झाली तेव्हा त्यांना तिथे शिकवून सव्वीस वर्षं झाली होती. पट घसरत घसरत तेरावर आला आणि एका उन्हाळ्यात बाई सरकारदरबारी 'अतिरिक्त' ठरल्या. समायोजनात लालबागची एक शाळा वाट्याला आली. तिथे मुलं त्यांना 'बाई' म्हणत नसत, 'टीचर' म्हणत. स्टाफरूममधल्या प्रत्येक खुर्चीला आधीपासून कुणीतरी मालक होतं. कुणी त्यांना उठवलं असतं असं नाही, पण बाई आपल्या खिडकीजवळच्या स्टुलावर डबा उघडायच्या आणि बाहेर बघत संपवायच्या. असं करत दोन वर्षं गेली.

त्यातल्या पहिल्याच वर्षी त्यांची आई गेली. त्या दिवशी बाईंना शीव कोळीवाड्यातल्या मतदान केंद्रावर इलेक्शन ड्युटी होती. ड्युटी रद्द करून घ्यायला त्यांनी दोन अर्ज केले होते, पण उपयोग झाला नाही. म्हणून नाशिकहून धाकटा भाऊ अजित आजारी आईजवळ दोन दिवस येऊन राहिला. फोन बंद करून पिशवीत ठेवायचा होता. संध्याकाळी पेट्या रवाना झाल्यावर त्यांनी तो सुरू केला तेव्हा अजितचे अकरा मिस्ड कॉल होते. आई चार वाजताच गेली होती. दिवस झाले, अजित परत गेला, आणि त्या दुपारबद्दल दोघांपैकी कुणीच कधी विषय काढला नाही. गिरगावच्या दोन खोल्यांत बाई एकट्याच उरल्या.

यंदा डिसेंबरात शाळेचं प्रदर्शन ठरलं. सातवीच्या वाट्याला आलं 'प्राचीन ग्रीसमधलं जगणं'. बाईंनी फळ्यावर पाच विषय लिहिले: घर, जेवण, पोशाख, खेळ आणि मृतांचं स्मरण. मुलं होती सतरा. पाच मिनिटांत चौघाचौघांचे चार गट झाले, चार विषय संपले, आणि शेवटच्या बाकावर एक मुलगी उरली.

ती मनवा. आजारपणात तिचं एक वर्ष गेलं होतं, त्यामुळे ती वर्गात सगळ्यांहून वीतभर उंच होती आणि बाकावर पाठ वाकवून बसायची. तिला कुणी चिडवत नसे. तिच्याशी कुणी बोलतच नसे. बाईंनी आधी तिला खेळाच्या गटात घालायचं ठरवलं. त्या गटातल्या अवधूतने सरळ सांगितलं की आमच्याकडे सगळी कामं वाटून झालीत. मनवा खाली बघत राहिली.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "पाचवा गट मनवाचा आणि माझा."

वर्गात कुणीतरी हसलं. मनवाच्या चेहऱ्यावरून तिला ही शिक्षा वाटली की सुटका, ते बाईंना कळलं नाही.

शाळा सुटल्यावर दोघी चित्रकलेच्या खोलीत बसू लागल्या. बाईंनी तिला ग्रीक थडग्यांवरच्या कोरीव दगडांची चित्रं दाखवली. त्यांवर देव नव्हते, यमदूत नव्हते. एक बाई खुर्चीवर बसलेली, दुसरी तिच्यासमोर उभी, दोघींनी एकमेकींचा हात हातात घेतलेला. एवढंच.

मनवाने चित्र बराच वेळ पाहिलं. मग पहिल्यांदाच आपणहून तोंड उघडलं.

"टीचर, यातली मेलेली कोण?"

"बऱ्याचदा सांगता येत नाही. अभ्यास करणाऱ्यांतही त्यावरून वाद आहेत."

"म्हणजे दोघी सारख्याच दिसतात?"

"हो."

त्यांनी हाच दगड शाडूत करायचा ठरवला. मनवाचे वडील जयवंत लालबागला मसाला कुटायच्या डंकावर कामाला होते. त्यांनी ओळखीच्या गणपतीच्या कारखान्यातून गोणभर उरलेली शाडू आणून दिली. मनवाचा हात चांगला होता. वस्त्राच्या चुण्या तिने झाडूच्या काडीने अशा काढल्या की बाई बघत राहिल्या. बसलेल्या बाईचं तोंड मात्र तिला जमेना, तेव्हा तिने विचारलं, कुणासारखं करू? बाईंनी पर्समधून आईचा जुना फोटो काढून दिला. हे कोण, असं मनवाने विचारलं नाही. पण हात करायची वेळ आली तेव्हा बाई म्हणाल्या, हे मी करते. त्यांनी ते चार वेळा मोडले. बोटं बोटांत नीट बसेनात.

प्रदर्शनाच्या दिवशी गर्दी जेवणाच्या टेबलापाशी झाली, कारण तिथे ऑलिव्ह म्हणून हिरवी द्राक्षं वाटत होते. पोशाखाच्या गटाने पांढऱ्या चादरी सेफ्टीपिनांनी अंगाला लावल्या होत्या आणि पालक त्यांचे फोटो काढत होते. कोपऱ्यातल्या पाचव्या टेबलापाशी कुणी थांबेना. मुख्याध्यापिका आल्या आणि छान, पण विषय जरा उदास आहे म्हणून पुढे गेल्या. मनवाने पाठ केलेली माहिती दोनच वेळा सांगितली, त्यातली एकदा शिपायाला.

अखेर जयवंत आले, कामावरून तसेच. त्यांच्या शर्टाला मिरचीचा ठसका होता आणि शेजारच्या टेबलावरची मुलं शिंकायला लागली. ते संकोचून लांबच उभे राहिले आणि तिथूनच पाहत राहिले.

"वस्त्र माझ्या पोरीचा काम," ते बाईंना म्हणाले. "हे हात कोणी केल्यान?"

"मी."

"जड झालेत. सोडूचे नाय असे धरलेत," ते म्हणाले. चूक दाखवली की दाद दिली, ते बाईंना उमगलं नाही. दगड घरी न्यायचा का, असं त्यांनी मनवाला विचारलं, मग स्वतःच म्हणाले, आपल्याकडे ठेवणार खंय. मनवा म्हणाली, टीचरना राहू दे.

बाईंनी तो टॅक्सीने गिरगावात नेला. रविवारी दुपारी तो टेबलावर समोर ठेवून त्या बराच वेळ बसल्या आणि मग अजितला फोन लावला. भाचीची परीक्षा, नाशिकची थंडी, सगळं बोलून झालं.

"अजित, एक विचारू? त्या दिवशी आईचा हात कुणी धरला होता का रे?"

पलीकडे टीव्हीचा आवाज होता, तो कुणीतरी बंद केला.

"नाही," तो म्हणाला. "मी खाली औषधं आणायला गेलो होतो. वर आलो तर संपलं होतं. तुला सांगायची हिंमत झाली नाही ताई. तू मला ठेवून गेली होतीस ना."

आपल्याला राग येईल असं बाईंना वाटलं होतं. आला नाही. दोन वर्षं नाशिकच्या त्या घरातही कुणीतरी हेच घेऊन बसलं होतं, एवढंच त्यांच्या मनात आलं.

"जेवलास का?" त्यांनी विचारलं. तो हो म्हणाला. मग दोघंही फोन कानाला लावून बसून राहिले.

सोमवारी मधल्या सुट्टीत बाईंनी दोन डबे आणले होते, एक मनवासाठी. त्या वर्गाच्या दारापर्यंत गेल्या. पोशाखाच्या गटातल्या मुली मनवाला मधे घेऊन बसल्या होत्या. त्यांना गॅदरिंगसाठी मुखवटे हवे होते आणि मनवा पेन्सिलीने कागदावर आखून दाखवत होती. तिची पाठ ताठ होती. तिचं दाराकडे लक्ष गेलं नाही.

बाई दारातूनच मागे फिरल्या. मग स्टाफरूममध्ये जाऊन खिडकीपाशी बसल्या आणि त्यांनी एक डबा उघडला.