पुलाच्या कठड्यावरून

सरकारी नोकर दिवसभर मोबाईलला चिकटलेले असतात, असं लोक म्हणतात. असतात. धानोरा तालुक्यातल्या आमच्या गावात तर आम्ही चिकटलेले सगळ्यांना दिसायचो, कारण नेटवर्क फक्त गावाबाहेरच्या पुलावर यायचं. संध्याकाळी कठड्यावर मी, शाळेचे गुरुजी आणि वनरक्षक भाऊ ओळीनं बसलेले. गुरुजी ओळखीच्या-बिनओळखीच्या सगळ्यांच्या वाढदिवसाला फेसबुकवर शुभेच्छा टाकत. मी चिडवलं, तर म्हणाले, "बाई, दिवसभर लेकराईशीच बोलतो. कोणी मोठं माणूस धन्यवाद म्हणते, तं बरं वाटते." त्यानंतर मी चिडवणं सोडलं.

मी उपकेंद्रात नर्स. लसीकरणाला गेलं की त्या गावातला, आपण स्वतः दिसू असा फोटो ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा, हा नियम. खाली गावाचं नाव आणि वेळ आपोआप उमटायची. साहेबांचा आमच्यावर भारीच विश्वास.

माझं माहेर बल्लारपूरचं. बाबा कागद कारखान्यात कामगार होते. मला शिकवलं त्यांनीच. पण जंगलातली ही नेमणूक मी त्यांचं न ऐकता घेतली आणि ते माझ्याशी बोलेनासे झाले. फोन आईच उचलायची. मागून बाबांचा खोकला ऐकू यायचा, तेवढाच. मला त्यांचा राग यायचा, आणि त्याहून जास्त आठवण.

एकदा घाईत तो हजेरीचा फोटो ऑफिसऐवजी घरच्या ग्रुपवर गेला. खांद्याला लसीचा डबा, पाय चिखलात, भोवती लेकरं घेतलेल्या बाया. चूक ध्यानात येईपर्यंत बाबांनी तो पाहिला होता. दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "तुह्ये बाबा विचारून राह्यले, आजचा फोटो काऊन नाई आला?"

मग फिरतीवर गेले की मी फोटो दोन्हीकडे टाकू लागले. बाबा गावाचं नाव नकाशात शोधायचे, असं आई सांगे. फोटो मोठा करून माझ्या चपला बघायचे. एकदा एसटीच्या कंडक्टरच्या हाती माझ्यासाठी बुटांचा जोड आला. बोलणं मात्र नाही.

त्या पावसाळ्यात नाल्याला पूर आला आणि मी पलीकडच्या गावात अडकले. एका आशाताईच्या घरी राहिले. पूर ओसरल्यावर पुलावर पोचले, तशी मोबाईलची टिणटिण थांबेना. सगळे मिस्ड कॉल बाबांचे. मी फोन लावला. पहिल्याच रिंगला त्यांनीच उचलला.

"फोटो नाई आला तं चालते," ते म्हणाले, "पण बोलत जा ना वं माय."

बोलत जा म्हणे. कोण कुणाला सांगत होतं. मला चांगलं भांडायचं होतं. तोंडातून फक्त "हो बाबा" निघालं.