तबकडीवर उतरेपर्यंत

वीज गेली की डोक्यावरचा पंखा आधी कण्हायचा, मग पात्यांच्या सावल्या छतावर एकेक करून सुट्या व्हायच्या, आणि दिघा गावाच्या बाजूने येणारा रसायनांचा आंबूस वास खोलीभर साचून राहायचा. ऐंशीच्या दशकातले ते अस्वस्थ उन्हाळे! ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्याच्या दवाखान्यात नुकताच संगणक आला होता, आणि कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी त्यात भरण्याचे काम माझ्याकडे होते.

एका दुपारी खाडीकाठच्या गावचे जनार्दन म्हात्रे दारात उभे राहिले. "बाय, येक लिवाचा रायला. मना पेनिसिलिन चालत नाय. मागं मरता मरता वाचलो."

मी ते टंकले. पडद्यावर उमटलेली हिरवी अक्षरे पाहून म्हात्रे निर्धास्तपणे कामावर परतले. लगेच वीज गेली, काही वेळाने आली. यंत्र पुन्हा सुरू झाले. वरवर सारे पूर्ववत! तरी माझे चित्त थाऱ्यावर येईना. पडद्यावर दिसते ते यंत्राच्या क्षणभंगुर स्मृतीत असते, वीज गेली की पुसले जाते. तबकडीवर, म्हणजे कायम जपणाऱ्या डिस्कवर, ते मागाहून, यंत्राच्या सवडीने उतरते. स्मृती आणि तबकडी यांच्यातले हे अंतर किती अल्प, आणि किती भयाण!

तेवढ्यात बाहेर गलका झाला. पत्र्याने दंड फाटलेल्या, शुद्ध हरपलेल्या म्हात्र्यांनाच आत आणले होते. शेजारच्या खोलीतून डॉक्टर ओरडले, "यांना काही वर्ज्य आहे का, बघा!"

मी नोंद उघडली. जागा कोरी होती.

"पेनिसिलिन देऊ नका!" मी धावतच गेले.

डॉक्टरांनी येऊन पडद्याकडे पाहिले. "इथे तर काहीच नाही."

"यंत्र विसरलंय, डॉक्टर. मी नाही."

हातातली सुई त्यांनी बाजूला ठेवली, दुसरे औषध मागवले. म्हात्रे वाचले. पण त्या खुर्चीत त्या क्षणी दुसरे कोणी असते तर? हा प्रश्न मला आजही स्वस्थ बसू देत नाही.

पुढे मी संगणक चालवणारी, माझ्याच हाताने लिहिलेली आज्ञावली बदलली. शब्द तबकडीवर खरोखर उतरल्याखेरीज पडदा 'नोंद झाली' म्हणेनासा झाला. काम संथावले, माणसे कुरकुरू लागली. "अजून नाय झाला, बाय?" कोणी विचारी. "बसा जरा," मी म्हणे. 'लक्षात आहे' असे आपण एकमेकांना किती सहज सांगून टाकतो! समोरचा माणूस आपला जीव माझ्या हवाली करून उठू पाहत असे. तो जीव कुठेतरी पक्का टेकेपर्यंत मी त्याला उठू देत नसे.