कोरा चौकोन

तक्त्यातला कोरा चौकोन दिसला की तो त्यावर बोट ठेवायचा. "भाऊ, हे शून्य नाई. हे मालूम नाई."

तुमच्याही कचेरीत असा एखादा असेल, ज्याचं बरोबर असणंच इतरांना खुपतं.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. चंद्रपूरला आमच्या हिवताप कचेरीत नुकताच संगणक आला होता. मी प्रमुख, तो सावली गावचा, हंगामी प्रोग्रामर. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांतल्या गावांचे तापाचे रुग्ण मोजायचे आणि जिथे जास्त, तिथे फवारणीचं पथक धाडायचं, हे काम. गाव तपासून ताप सापडला नाही तर आरोग्यसेवक शून्य लिहीत. नाल्याला पूर येऊन गाव गाठताच आलं नाही, तर चौकोन कोरा सोडत.

लिहिलेल्या मजकुराचा आकडा करून देणारं तयार फंक्शन संगणकाच्या लायब्ररीत, म्हणजे त्याच्यासोबतच्या तयार प्रोग्रामांच्या संचात, होतं. यंत्रासोबत आलेलं पुस्तक म्हणे, कोऱ्या जागेचं त्याने शून्य द्यावं. नागपूरहून आलेलं नव्या मानकाचं पुस्तक म्हणे, चूक दाखवून थांबावं. आमचं जुन्याप्रमाणे चाले. त्याला ते बदलायचं होतं.

"फवारणीची यादी अडली तर वरच्या साहेबांना काय सांगू?" मी म्हणालो.

"सांगा का गाव पाह्यलंच नाई."

"अरे, दोन्ही पुस्तकं आपापल्या जागी बरोबर आहेत."

"पुस्तकं असतीन भाऊ. गाव तं एकच हाय ना!"

शेजारचा टंकलेखक म्हणाला, "घ्या! हा आता मशीनलेबी शाळा शिकवून राह्यला." ज्याची थट्टा झाली तोही खळखळून हसला. मला हसू आलं नाही. मी जुनंच ठेवायला लावलं.

त्या पावसाळ्यात गडचिरोलीकडच्या एका गावाचा चौकोन दर आठवड्याला कोरा आला. यादीत शून्य पडत गेलं. पथक दुसरीकडे गेलं. त्या गावात तापाने दोन लेकरं गेली.

चौकशीत मी म्हणालो, "प्रोग्राम त्याने लिहिला." खोटं नव्हतं. बदल मी अडवला होता, एवढंच गिळलं. हे लिहितोय ते त्यासाठी. त्याला काढून टाकलं. निघताना त्याने दारात थांबून इतकंच विचारलं, "काऊन, भाऊ?"

बऱ्याच वर्षांनी माझी गाडी नागभीडला थांबली, तेव्हा फलाटावरून त्याने मला ओळखलं. खांद्यावर धानाच्या बियाण्याची पिशवी. डब्याच्या खिडकीशी येऊन त्याने आधी माझ्या जुन्या गुडघेदुखीची चौकशी केली. मग हळूच विचारलं, "भाऊ, त्या गावात मंग फवारणी झाली का?"

"झाली," मी म्हणालो.

"बरं झालं." त्याचा चेहरा निवला.

फवारणी झाली का, हे मी कधी कुणाला विचारलंच नव्हतं. गाडी हलली. तो पिशवी सावरत, हात वर करून उभा होता. त्यानंतर तो मला दिसला नाही.