जाळी एकच निघते

माझे बाबा जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. डॉक्टरांच्या हाताखाली जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, अडलेली गाय धरून ठेवायची, आणि एखादं जनावर कशानं मेलं ते कळत नसलं की डॉक्टर सांगतील तसं ते उघडायचं, हे त्यांचं काम. लोणार तालुक्यातल्या खेड्यांमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. असं जनावर उघडून आले की ते थेट घरात येत नसत. आई मागच्या दारी बादली भरून ठेवायची. तिथंच आंघोळ, तिथंच कपडे वेगळे भिजवणं.

सातवीत माझ्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "तुझे बाबा मेलेली ढोरं फाडतात ना?" मी नाही म्हणाले. आजोबांनी मेलेली ढोरं ओढायचं काम सोडलं त्याला तोवर खूप वर्षं झाली होती. ते गावकीचं काम आणि बाबांची दवाखान्यातली नोकरी यात केवढा फरक आहे, हे बाकावरच्या मुलीला समजावून सांगण्याइतकी मी मोठी नव्हते. मी बाबांना एवढंच सांगितलं की सायकल शाळेच्या फाटकापर्यंत आणू नका, पिठाच्या गिरणीजवळ थांबा, मी येते तिथवर चालत. त्यांनी कारण विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून गिरणीजवळ थांबू लागले.

पुढं मी संगणक शिकले, पुण्यात नोकरीला लागले. तिथं गाव विचारलं की मी बुलढाणा जिल्हा सांगायचे. समोरचा म्हणायचा, "म्हणजे शेगाव?" मी हो म्हणून मोकळी व्हायचे. घरून काम करायची मुभा मिळाली तेव्हा बीबीला, आमच्या गावी, परत आले. बाबा निवृत्त झाले होते. आईनं विहिरीजवळच्या तुकड्यात मेथी आणि वांगी लावली होती. समोरच्या खोलीत माझं टेबल मांडलं.

आमची कंपनी जनावरांच्या रोगांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर तयार करते. त्यासाठी शरीरातल्या अवयवांच्या हजारो संज्ञा लागतात. त्यांची नुसती यादी असून भागत नाही. कोणती गोष्ट कशाचा भाग आहे आणि कोणती कशाचा प्रकार आहे, ही नातीही लिहिलेली असावी लागतात. अशा मांडणीला आमच्या धंद्यात ऑन्टॉलॉजी म्हणतात. ती फाइलमधून वाचायची आणि प्रत्येक संज्ञेचा प्रोग्राममध्ये एक ऑब्जेक्ट करायचा, हे काम माझ्याकडं आलं. ऑब्जेक्ट म्हणजे प्रोग्रामच्या आतली एक वस्तूच म्हणा. तिच्याजवळ तिचा क्रमांक असतो, नाव असतं, व्याख्या असते, आणि आपल्या वर कोण, खाली कोण हे तिला माहीत असतं.

मी ते लिहिलं. मग तपासायला एक खोटी नोंद घातली: बैलाच्या जाळीत तार सापडली. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाला चार कप्पे असतात, त्यातला दुसरा जाळीसारखा दिसतो, म्हणून त्याला जाळी म्हणतात. चाऱ्यातून गेलेली तार, खिळा तिथंच अडकतो. हे मला पुस्तकातून कळलेलं नव्हतं, लहानपणी जेवताना बाबांच्या तोंडून ऐकलेलं होतं. आता मी प्रोग्रामला विचारलं, पोटात जे जे सापडलं ते दाखव. उत्तर आलं, काहीच नाही.

दोन दिवस मी तेच बघत होते. नोंद होती, जाळी होती, पोट होतं, आणि तरी काही सापडत नव्हतं. पडद्यावर सगळं एका नजरेत मावेना, म्हणून शेवटी पोटाच्या आसपासच्या संज्ञा कागदावर छापून आणल्या आणि ओट्यावर पसरल्या. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून आईची वांगी कडेला ठेवली.

बाबा बाजूला खुर्चीवर बसले होते. वाकून बघायला लागले.

"काय करून राह्यली?"

"जनावराच्या पोटाचे भाग हायेत, बाबा. कुठी तरी चुकलं मायं."

त्यांनी चष्मा लावला. नावं इंग्रजीत होती, पण दवाखान्यात इतकी वर्षं काढल्यामुळं ती त्यांना ओळखू येत होती. बोट फिरवत फिरवत एका जागी थांबले, मग दुसऱ्या कागदावर गेले.

"ही जाळी दोनदा काऊन लिहिली?"

"तिले वर दोघं हायेत ना. ती पोटाचा भाग हाये म्हनून इथं आली. अन् 'कप्पा' म्हनून एक प्रकार हाये, त्यातली एक हाये म्हनून तिथं."

"असतीन दोघं. पन ढोर उघडल्यावर जाळी एकच निघते."

मी उठून टेबलाशी गेले आणि प्रोग्रामचा फाइल वाचणारा तुकडा उघडला. चूक तिथंच होती. जाळीचं नाव पोटाच्या खाली आलं तेव्हा मी एक ऑब्जेक्ट केला होता, आणि कप्प्याच्या खाली आलं तेव्हा पुन्हा नवा. नाव तेच, क्रमांक तोच, पण वस्तू दोन. तार दुसरीला चिकटली होती आणि मी शोधत होते पहिलीत.

दुरुस्ती सात-आठ ओळींची होती. संज्ञा वाचली की आधी क्रमांकावरून बघायचं, हिचा ऑब्जेक्ट आहे का. असला तर तोच घ्यायचा, नसला तरच नवा करायचा. पुन्हा विचारलं. पोटात काय सापडलं? तार.

"निघाली, बाबा!" मी आतून ओरडले.

"हाव," ते बाहेरून म्हणाले. "निघनारच."

त्या आठवड्याच्या ऑनलाइन बैठकीत मी हे सांगितलं. आमच्या प्रमुख मॅडम स्वतः जनावरांच्या डॉक्टर आहेत, पुण्यात असतात. त्या म्हणाल्या, "गावोगावचे लोक नोंदी करताना त्यांचेच शब्द लिहिणार. तुझ्या बाबांकडून ते शब्द मिळतील का? पुढच्या बैठकीला बसतील का ते?"

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बसले. बैठकीत मी नेहमी पुस्तकी मराठी बोलते, घरी वेगळी, आणि दोन्ही एकाच खोलीत कधी आल्या नव्हत्या. मॅडमनी विचारलं, "काका, तारेनं मेलेलं जनावर कसं ओळखता?"

बाबा बोलायला लागले. "आधी डावी बाजू वर ठिवाची नाई, खाली ठिवाची. मंग पाय उचलून घ्याचा..." कॅमेऱ्यासमोर हात हलवत, शेतात डॉक्टरांना सांगावं तसं. पडद्यावरच्या एका चौकटीत कुणी तरी हसलं. बोलीला हसलं की आपल्या शेजारच्याशी काही बोलून हसलं, मला माहीत नाही. पण माझा हात आवाज बंद करायच्या बटणाकडं गेला. बाबांनी एकदा माझ्या हाताकडं पाहिलं आणि बोलत राहिले.

मॅडम लिहून घेत होत्या. त्यांनी विचारलं, "जाळीपासून हृदय किती लांब असतं, काका? तुमच्या हाताच्या मापानं सांगा."

बाबांनी हात पुढं केला, बोटं जुळवली. "चार बोटं बी नाई. मधात पडदा हाये तेवढाच. म्हनूनच त तार थेट काळजात जाते."

मी हात मागं घेतला.

संध्याकाळी आम्ही तिघं मेथी निवडत बसलो होतो. आई पाण्याला म्हणून आत गेली तेव्हा मी म्हणाले, "बाबा, सकाळी मी तुमचा आवाज बंद करनार होती."

"दिसलं मले."

"चुकलं मायं."

"गिरनीजवळ उभं राहाले सांगतलं तवाबी समजलं होतं मले." त्यांनी एक पिवळं पान काढून टाकलं. "तुया वयात मी असतो त मीबी तेच सांगतलं असतं. माया बापाले त मी जत्रेत ओळख नाई देल्ली एकदा."

ही गोष्ट त्यांनी याआधी कधीच सांगितली नव्हती. कोणती जत्रा, काय झालं, असं विचारावंसं वाटलं, पण आई बाहेर आली आणि त्यांनी तिच्या हातातला तांब्या घेतला. मी पुढची जुडी सोडली. मला हलकं वाटत होतं आणि लाजही वाटत होती.

नंतरचे काही आठवडे बाबा रोज सकाळी तासभर माझ्याजवळ बसायचे. मी संज्ञा वाचायचे, ते गावातला शब्द सांगायचे, आणि मी तो त्या ऑब्जेक्टला पर्यायी नाव म्हणून जोडायचे. एकदाच वाद झाला. पोटाच्या तिसऱ्या कप्प्यालाही त्यांनी 'पडदा' सांगितलं आणि छाती व पोट यांच्या मधल्या भागालाही 'पडदा'च.

"एका शब्दानं दोन गोष्टी कशा चालतीन, बाबा? यंत्राले काय समजेल?"

"समोर उघडं असलं का दिसते ना कोनता ते!"

"यंत्रासमोर काई उघडं नसते."

ते रागावले. "मंग त्याले म्हन, एखाद्याले इचारावं," असं म्हणून उठून गेले आणि त्या दिवशी परत आले नाहीत. दुपारी मी मॅडमना फोन करून अडचण सांगितली. त्या म्हणाल्या, "विचारू दे की मग. 'पडदा' लिहिलं तर प्रोग्रामनं उलट विचारावं, कोणता, पोटातला की छातीखालचा?" तसंच केलं. संध्याकाळी बाबांना दाखवलं. त्यांनी एका बोटानं 'पडदा' टाइप केलं, खाली प्रश्न उमटला, तो त्यांनी दोनदा वाचला.

"हे बरं झालं," म्हणाले, आणि चहा सांगितला.

मागच्या महिन्यात मॅडमनी शेळ्या-मेंढ्यांच्या संज्ञांचा नवा भाग पाठवला. मी छापून आणला आणि बाबांपुढं ठेवला. त्यांनी पानं चाळली, चष्मा काढला.

"शेळीचं मले कमी समजते. मोठ्या ढोरातच जिंदगी गेली माई. पलीकडच्या गल्लीत ते शेळ्यावाले हायेत, त्याइले इचारून पाहातो."

कागदांची घडी करून ती त्यांनी शर्टाच्या खिशात घातली, पेन माझं घेतलं आणि चपला घालून निघाले. दीड तासानं परत आले तेव्हा तीन पानं भरली होती. दोन ठिकाणी अक्षर त्यांचं नव्हतं, शेळ्यावाल्याच्या बायकोचं होतं. तिच्या मते आम्ही कासेचे भाग साफ चुकीचे लिहिले होते, आणि ते समजावून सांगायला ती दुसऱ्या दिवशी स्वतः येणार होती.