रुचिकानं चालत्या मशीनचा बोर्ड काढला

आमच्या दवनीवाड्यात कोणालेही इचारा, हेमेंद्र मिस्त्रीची, म्हंजे माही, बहीण काय करते, तर म्हणतात, "दवाखान्यात कम्प्युटर चालवते." चालवते! चालवणारे गल्लोगल्ली हायत. रुचिका कम्प्युटरच्या पोटात हात घालते, अन् तो बी चालू असताना. मी आठवी शिकलो. पण गोंदियाच्या राईस मिलमध्ये तेवीस वर्षं झाले, म्या बसवलेला पट्टा कधी घसरला नाई. तिले शिकवलं बी म्याच. मंग तिची गोष्ट म्याच सांगाव.

लहानपणी माहा डबा घेऊन मिलमध्ये यायची. चाळण्याइच्या एवढ्या धडधडीत उभी राहून म्हणायची, "भाऊ, तिसऱ्या चाळणीत खडा हाय." पाहावं तर खरंच खडा. बोलणं कमी. आता एकोणतीसची झाली, तरी आईनं चार गोष्टी इचारल्या तर एकीचं उत्तर देते.

तिच्या गोंदियाच्या दवाखान्यात एक मोठं जुनं कम्प्युटरचं मशीन हाय, नागपूरहून सेकंडहँड आणलेलं, फ्रीजएवढं. नवीन जन्मलेल्या बाळांचा वार्ड हाय ना, काचेच्या पेट्यांचा, तिथल्या बाळांचे ठोके या मशीनमधून नर्सच्या टेबलावर जातात. ठोके उतरले का टेबलावर घंटी वाजते. मशीन पडलं तर घंटी नाई. अन् पडलेलं मशीन उठाले पाऊण तास घेते. ज्या दुपारची ही गोष्ट, तवा वार्डात बाळं होती अकरा, नर्स दोन.

मशीनमध्ये मेमरीचे चार बोर्ड. मशीन आत्ता जे काम करून राहिलं, ते सारं त्याइच्यावर मांडलेलं असते. त्यातला एक सडला. सकाळी दहा चुका, दुपारी हजार. रुचिका म्हणे, "मशीन चुका दुरुस्त करून घेऊन राहिलं. एक जरी दुरुस्त नाई झाली, तर उभ्या जागी मरन."

म्हणून बोर्ड चालू मशीनमधूनच काढायचा. आतमध्ये कर्नल म्हणून असते, मशीनचा मुकादमच समजा. त्याले सांगायचं, या बोर्डावरचं सारं उचल अन् बाकीच्या बोर्डांवर ठेव. पंगतीत माणूस जेवून राहिला अन् त्याच्या खालचा पाट बदलायचा, घास हुकला नाई पाहिजे, असं ते काम. मुकादमाचं सोताचं सामान मात्र हालत नाई. ते ज्या बोर्डावर, तो निघत नाई. आमच्या पोरीनं दोन वर्षं आधीच ते सारं सामान वरच्या बोर्डावर ठेवून घेतलं होतं. एवढी दूरची नजर जिल्ह्यात दुसऱ्या कोणाची असन तर दाखवा.

बोर्ड मागून निघतात, स्क्रीन समोर. दोन माणसं पाहिजे. नागपूरचा इंजिनिअर तीन दिवसांनी येतो म्हणे. रुचिकानं डॉक्टरसाहेबाले सांगितलं, "माहा भाऊ येते."

मी गेलो. मशीनच्या मागं भिंतीत अन् त्यात हातभर जागा. गरम वारा तोंडावर.

"भाऊ, बोर्डाइले चिठ्ठ्या लाव. वरून खाली, शून्य, एक, दोन, तीन. मशीन तसंच मोजते."

आता सांगा, शून्य कसा लिहाव? आमच्यात धान मोजताना पहिल्या मापाले एक बी म्हणत नाई, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन. शून्यानं सुरुवात करणारा मापारी कोणी खळ्यावर उभा करन का? अन् हे तर अकरा लेकरांचं मशीन. म्या लिहिलं, लाभ, दोन, तीन, चार.

"लावल्या का?"

"लावल्या."

ती समोरून सांगून राहिली, "रिकामा होऊन राहिला... अर्धा झाला..." मंग बटना थांबल्या.

"काय झालं वो?"

"एक तुकडा सुटून नाई राहिला. कोणीतरी धरून ठेवला." बटना वाजल्या. "मेला बॅकअप होता. बंद केला." जराशानं म्हणे, "झाला. दोन नंबर रिकामा, त्याची वीज बी काढली. भाऊ, दोन नंबरचा खटका उघड अन् सरळ ओढ."

कोणत्या बोर्डात वीज हाय हे दाखवणारे दिवे कवाचेच गेलेले. म्या चिठ्ठी पाहिली, दोन. खटका अर्धा उघडला अन् मशीन किंचाळलं. मिलमध्ये पट्ट्यात बोट गेलं तर माणूस वरडते, तसं.

वार्डातली डिंपल सिस्टर दारात आली. "दीदी, ये क्या चिल्ला रहा है? मेरे बच्चे?"

"आप वार्ड में जाइए! भाऊ, ओढू नको! दाबू बी नको! हात तिथंच ठेव!"

म्या खटका तसाच अर्धा धरून ठेवला.

"वरच्या चिठ्ठीवर काय लिहिलं?"

"लाभ."

"काय?"

"लाभ. शून्य कसा लिहाव वो, लेकरांच्या..."

"माय वो," एवढंच म्हणली. मले तवा समजलं. मशीनचा दोन म्हणजे वरून तिसरा. माह्या हातात होता दुसरा, जिता. अकरा बाळांचे ठोके त्याच्यावरून जाऊन राहिले होते.

ती आडवी होऊन त्या फटीत घुसली. "सोड, मी धरते."

"सोडलं तर हालन."

"मंग दोघं बी धरू." तिचा हात माह्या हातावर आला, बर्फासारखा. जरा जरा करून खटका आत गेला. टक. किंचाळी थांबली.

"आता तिसरा. ओढ."

म्या वरून बोटानं मोजलं, मंग अजून एकदा मोजलं. तिनं मले बाजूले सारलं अन् सोता ओढला. बोर्ड बाहेर आला, ताटाएवढा, गरम. पंखे तसेच फिरत राहिले. पण आतमध्ये काही तुटलं का, हे पंख्यावरून समजत नाई. आम्ही दोघं वार्डाकडे कान लावून उभे.

मंग घंटी वाजली. मशीन जितं होतं.

"चार नंबर पेटी!" डिंपल वरडली अन् धावली. काचेतून पाहिलं, बाळ निळसर पडलं होतं. ती त्याचे तळपाय चोळत होती. चोळतच होती. लय वेळानं बारीकसं रडणं आलं.

डॉक्टरसाहेब आले. "आवाज कशाचा होता? कोणाची चूक?"

रुचिका म्हणे, "सर, माही..."

"चिठ्ठ्या म्या लावल्या," मी बोललो. "तिनं बरोबर सांगितलं होतं."

ते माह्याकडे पाहून वार्डात गेले. सहा वाजता रुचिका बॅग घेऊन आली. "चल ना भाऊ, गावची गाडी निघन."

मी काचेपाशी होतो. चार नंबरचं पोट वर-खाली होऊन राहिलं होतं.

"तू जाय," म्हटलं. "मी जरा थांबतो."